वाइन-गुणांकन

वाइन-गुणांकन : वाइन पाहून, हुंगून व चाखून तिची प्रत ठरवण्याची आणि ती आकड्यांत किंवा शेऱ्यांत मांडून ग्राहकाला खरेदीसाठी सुचवण्याची पद्धत. चाखण्याची कला जुनी आहे. आकड्यांचे राज्य मात्र गेल्या अर्धशतकातले.

परीक्षक निमुळत्या तोंडाच्या पेल्यात थोडीशीच वाइन घेतो. पांढऱ्या कागदावर पेला कलता धरून रंग पाहतो, पेला गोल फिरवून गंध मोकळा करतो, मग घोट तोंडात घोळवून आंबटपणा, गोडी, तुरटपणा आणि मागे रेंगाळणारी चव जोखतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर दोष बहुधा बुचाचा. घोट शेवटी पिकदाणीत जातो; एका बैठकीत डझनांनी वाइन तपासायच्या तर दुसरा इलाज नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत 20 गुणांची पद्धत तयार झाली, ती मुळात वाइन बनवताना राहिलेले दोष हेरण्यासाठी. ग्राहक तेव्हा हिशेबात नव्हता.

लेबल झाकून चाखले की काय होते, हे 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये दिसले. स्टीव्हन स्परियर या इंग्रज विक्रेत्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. लालमध्ये ‘स्टॅग्ज लीप’ने, पांढऱ्यात ‘शातो माँटेलेना’ने पहिला क्रमांक पटकावला. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या!

ग्राहकाच्या हाती आकडा दिला तो रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वकिलाने. त्या काळी वाइनवर लिहिणाऱ्या अनेकांचे विक्रेत्यांशी लागेबांधे असत. पार्कर यांनी 1978 मध्ये जाहिराती न घेणारे स्वतःचे पत्रक सुरू केले आणि अमेरिकी शाळांच्या धर्तीवर 100 पैकी गुण देण्याची पद्धत त्यात रुळवली. यात कोऱ्या उत्तरपत्रिकेलाही 50 गुण मिळतात. उरलेल्या 50 पैकी रंगरूपाला 5, गंधाला 15, चवीला 20 आणि एकूण दर्जा व मुरण्याच्या क्षमतेला 10. फ्रान्समधील बोर्दो भागाच्या 1982 च्या वाइनबद्दल इतर काही समीक्षक साशंक असताना पार्कर यांनी तिची मुक्तकंठाने स्तुती केली. ती वाइन गाजली आणि त्यांचा शब्द बाजारात चलनी झाला. पुढे 90 च्या वरची वाइन झटक्यात खपू लागली, तशी पार्कर यांना रुचणारी गडद, पिकलेल्या फळांच्या चवीची वाइन बनवण्याची चढाओढ लागली. ग्राहकाच्या बाजूने उभा राहिलेला आकडा उत्पादकालाच हुकूम सोडू लागला.

पण हा आकडा दिसतो तितका नेमका नाही. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतील स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. आपल्याच निकालावर ठाम राहिले ते जेमतेम दहा टक्के. बोर्दोत फ्रेडरिक ब्रोशे व सहकाऱ्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळला, तेव्हा 54 चाखणाऱ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. म्हणजे 91 आणि 92 यांतला फरक जिभेपेक्षा कागदावरच अधिक.

भारतात या बाजाराचे वारे उशिरा पोचले. बंगळुरूजवळच्या ग्रोव्हर या वाइन-कंपनीने 1990 च्या दशकातच बोर्दोचे मिशेल रोलाँ यांचा सल्ला घेतला. पार्कर यांना रुचणाऱ्या शैलीचे ते जगभरातले नामांकित सल्लागार. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन 2000 मध्ये आली, तर सोनल हॉलंड 2016 मध्ये ‘मास्टर ऑफ वाइन’ ही वाइन-तज्ज्ञांची पात्रता मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. मद्याच्या जाहिरातींवर निर्बंध असल्याने इथे बाटलीवरचे पदक आणि दुकानदाराची शिफारस यांनाच वजन येते. खरेदी करणाऱ्याने पदक कोणत्या सालच्या वाइनला मिळाले आणि चाखताना लेबल झाकले होते का, एवढे तरी विचारावे. साल बदलले की वाइन बदलते, फळीवर लावलेली चिठ्ठी मात्र बदलतेच असे नाही.