बॅटरी उतरली, शब्द गेले

गोष्ट २००४ सालची. माझा धाकटा भाऊ दुबईहून सुटीवर आला आणि त्यानं माझ्या हातावर एक तळहाताएवढं यंत्र ठेवलं. त्याच्या साहेबानं नवं घेतलं, म्हणून जुनं याच्याकडे आलं होतं. काचेवर बारीक काडीनं टिचकी मारायची, लिहायचं, खिशात टाकायचं. "भाई, आता वही नको न् पेन नको," तो म्हणाला. मी बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. यंत्रांशी माझा संबंध रेडिओचं बटण फिरवण्यापुरता. पण भावानं त्यात देवनागरी फॉन्ट आणि लिहिण्याचा एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. जोडाक्षरं अधूनमधून फुटायची, वेलांटी भलतीकडे जायची, पण काचेवर मराठी उमटायची. एवढ्यावर मी खूश होतो.

त्या दिवसांत मी आमच्या रत्नागिरीकडच्या गावी फुफीकडून शब्द गोळा करत होतो. फुफी ऐंशीच्या घरातली. होडी, जाळी, मासळी, पाऊस, लग्नघर यांतले तिचे शब्द शहरात कुणाच्या तोंडी राहिले नव्हते. 'नाखवा' हा शब्द फारसीतल्या 'नाखुदा'वरून आला हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण नाखवा कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही, हे फुफीला ठाऊक होतं. दोनशेच्या वर शब्द मी त्या यंत्रात टिपले.

मग जुलैचा पाऊस लागला. गावची वीज चार दिवस गेली. यंत्र कपाटात पडून होतं. वीज आल्यावर चार्जिंगला लावलं, सुरू केलं, तर काचेवर एक फुली आली आणि फुलीच्या मध्यावर टिचकी मारा अशी इंग्रजीत सूचना. नुकतंच खोक्यातून काढल्यासारखं. देवनागरी नाही, प्रोग्रॅम नाही, शब्द नाहीत. भावाला फोन केला. तो म्हणाला, "भाई, हार्ड रिसेट झाला. सगळं परत टाकावं लागेल." प्रोग्रॅम परत टाकता येईल, पण शब्द कुठून टाकू?

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक यंत्रांची रीतच ती होती. ती तशी का होती, हे मी नंतर हट्टानं समजून घेतलं.

संगणकाची स्मृती दोन जातींची. एक कायमची, कोरलेली. दुसरी तात्पुरती. तिला रॅम म्हणतात. रॅमचा जो प्रकार सर्रास वापरला जातो, तो आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधला; १९६८ साली त्यांना पेटंट मिळालं. त्यात प्रत्येक अक्षराचा कण म्हणजे विजेचा एक इवलासा साठा. पण ही घागर गळकी. ती सेकंदातून कित्येक वेळा पुन्हा भरावी लागते. वीज थांबली की भरणं थांबतं, आणि लिहिलेलं पुसलं जातं.

टेबलावरच्या संगणकाला याची फिकीर नसते, त्याच्या पोटात डिस्क असते. खिशातल्या यंत्रात डिस्क मावत नव्हती. मग कारागिरांनी काय काय केलं पाहा. १९८४ साली लंडनच्या सायन कंपनीनं 'ऑर्गनायझर' काढला. त्यातली माहिती लहानशा खोबणीत बसणाऱ्या पाकिटात लिहिली जाई. ती वीज नसतानाही टिके, पण खोडता मात्र येत नसे. खोडलेल्या नोंदीवर फक्त खूण होई. जागा मोकळी करायची तर पाकीट काढून अतिनील किरणांखाली धरावं लागे. म्हणजे लिहिलेलं दगडावरच्या रेघेसारखं.

१९९६ साली अमेरिकेत 'पाम पायलट' आलं आणि सगळं उलटं झालं. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनण्याआधी त्या मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून वापरून पाहिला होता. पायलटमध्ये 'सेव्ह'चं बटणच नव्हतं. लिहिलं की राहिलं, पण राहिलं ते रॅममध्ये, दोन पेन्सिल सेलांच्या भरवशावर. सेल बदलायला जेमतेम मिनिटभराची मुदत. मात्र हॉकिन्स यांच्या मंडळींनी एक शहाणपण केलं. यंत्र ज्या खुर्चीवर ठेवायचं तिला एक बटण दिलं. ते दाबलं की घरच्या संगणकात नक्कल उतरे, आणि यंत्र सगळं विसरलं तर त्याच बटणानं परत मिळे.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं विंडोज सीई आलं. पुढे त्यावर २००० साली 'पॉकेट पीसी' यंत्रं निघाली. कॉम्पॅकच्या आयपॅकचंच उदाहरण घ्या: ३२ एमबी रॅम आणि १६ एमबी कायमची स्मृती. कायमच्या जागेत कंपनीनं दिलेली मूळ प्रणाली, आणि तुम्ही बसवलेलं, तुम्ही लिहिलेलं बहुतेक सगळं रॅममध्ये. मंडळी, या वाटणीनं मी थबकलो. कंपनीचे शब्द कोरलेले आणि माझे पाण्यावरचे! यात कुणाचा डाव नव्हता. रॅम वेगवान होती आणि कायमच्या स्मृतीत लिहिणं महाग व संथ होतं. तरी फळ तेच.

यातून लोकांनी वाटा काढल्या. पहिली म्हणजे साधा रिसेट आणि हार्ड रिसेट यांतला फरक ओळखणं. साधा रिसेट ही डुलकी, उठल्यावर सगळं आठवतं. हार्ड रिसेट म्हणजे विस्मृती. दुसरी वाट, प्रोग्रॅम रॅममध्ये न बसवता मेमरी कार्डावर बसवणं. पण तेवढ्यानं भागत नसे. हार्ड रिसेटनंतर प्रोग्रॅम कार्डावर सुखरूप असे, पण यंत्राच्या नोंदवहीतून, म्हणजे रजिस्ट्रीतून, त्याची नोंद गेलेली असे. घर उभं आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही, अशी गत. म्हणून जाणते लोक मूळ इन्स्टॉलची फाइल आणि नोंदवहीची नक्कल, दोन्ही कार्डावर ठेवत.

गोदामात माल मोजणाऱ्या यंत्रांना तर हे रोजचं. सिम्बॉल कंपनीच्या यंत्रांत कायमच्या स्मृतीतला 'ॲप्लिकेशन' नावाचा एक कप्पा असे. त्यात फायली, त्या कुठे परत ठेवायच्या याची यादी आणि नोंदवहीतल्या ओळी ठेवून द्यायच्या. यंत्र शून्यातून उठलं की यादी वाचून आपला संसार आपणच मांडी.

आपल्याकडे बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीच्या अभियंत्यांनी 'सिम्प्युटर' रचला, त्याचा नमुना २००१ साली लोकांपुढे आला. त्यांचा विचार वेगळा होता. यंत्र गावात एकच, पण प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर. बाजारात ते रुजलं नाही, पण आपली स्मृती आपल्या खिशात, ही कल्पना मला आजही पटते.

खरा उपाय जपानमधून आला होता. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली 'फ्लॅश' स्मृती जगापुढे मांडली. ती विजेविना टिके आणि जागच्या जागी पुसूनही होई. पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं झटक्यात होतं, म्हणून एका सहकाऱ्यानं ते नाव सुचवलं. ती पुरेशी स्वस्त व्हायला वीस वर्षं लागली. २००४च्या अखेरीस पामच्या ट्रिओ ६५०नं आणि २००५ साली विंडोज मोबाइल ५नं वापरणाऱ्याचा मजकूर फ्लॅशमध्ये ठेवायला सुरुवात केली. माझे शब्द गेले त्यानंतर काही महिन्यांनी!

मी पुन्हा फुफीकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. ती हसली. "तुझ्या डबीला भूक लागली म्हणून ती माझे शब्द खाऊन बसली होय रे?" मग पुन्हा सांगायला बसली. पण पहिल्या वेळचं सगळं तिलाही आठवेना. आणि पहिल्यांदा न सांगितलेले कितीतरी शब्द या खेपेस निघाले. या वेळी मी आधी वहीत लिहिलं, मग यंत्रात, मग कार्डावर.

फुफी २००९ साली गेली. ते यंत्र आता सुरू होत नाही, त्याचा चार्जरही मिळत नाही. कार्ड वाचता येतं. वही उशाशी आहे. तिच्या मागच्या पानावर मी एक यादी केली आहे, पहिल्या खेपेस फुफीनं सांगितलेल्या आणि मला अर्धेमुर्धेच आठवणाऱ्या शब्दांची. गावाकडचं कुणी म्हातारं माणूस भेटलं की मी ती उघडतो. आतापर्यंत सात शब्द परत मिळालेत.