स्पिन ग्लासकडून पाखरांच्या थव्याकडे

स्पिन ग्लास ही काच नव्हे. तांब्यात शेकडा एखाद-दोन मँगनीजचे अणू मिसळले की होणारा मिश्रधातू हे तिचे नेहमीचे उदाहरण. मँगनीजचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारीकसा चुंबक. काही शेजारी त्याला आपल्या दिशेला ओढतात, काही उलट; सगळ्यांचे मन एकदम राखता येत नाही. धातू थंड केला की या दिशा जागच्या जागी गोठतात, पण त्यांत कसलीच रांग नसते. कणभौतिकीतून या विषयाकडे वळलेले रोमचे जॉर्जिओ पारिसी यांनी १९७९ मध्ये या अव्यवस्थेतली दडलेली रचना गणिताने उलगडली.

आंद्रेआ काव्हान्या आणि इरेने जार्दिना या भौतिकशास्त्रज्ञांचे सुरुवातीचे संशोधन याच क्षेत्रातले. पुढे पारिसींसह हा गट पाखरांकडे वळला. विषय नवा होता, प्रश्न मात्र ओळखीचा: शेजाऱ्याशेजाऱ्यांतल्या ओढीतून समूहाची चाल कशी घडते?

हिवाळ्यात रोमच्या तेर्मिनी स्टेशनसमोरच्या झाडांवर हजारो स्टार्लिंग रात्रीच्या मुक्कामाला येतात. महाराष्ट्रात ज्वारीच्या रानांवर उतरणाऱ्या भोरड्या याच कुळातल्या. जवळच्या पालात्सो मास्सिमो या संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे बसवले गेले. मुख्य दोघांत अंतर २५ मीटर. एका छायाचित्रातला काळा ठिपका दुसऱ्यातला नेमका कोणता, हे हजारो सारख्या ठिपक्यांतून ओळखायचे, म्हणजे प्रत्येक पाखराची अवकाशातली जागा कळते. सगळ्या कामाची खरी कसोटी इथे होती. तोवर असे मोजमाप काही डझन पाखरांपुढे गेले नव्हते.

हाती आलेली गोष्ट सुंदर होती. पाखराचा सर्वांत जवळचा शेजारी सहसा पुढे-मागे नसतो, बाजूला असतो. सहाव्या-सातव्या शेजाऱ्यापर्यंत हा कल विरून जातो आणि थवा दाट असो की विरळ, आकडा तोच राहतो. म्हणजे पाखरू अंतर पाळत नाही, ठरावीक शेजारी धरते. म्हणूनच ससाण्याच्या झडपेने थवा ताणला गेला तरी तुटत नाही. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीची बहुतेक प्रारूपे ठरावीक अंतर गृहीत धरत. ती त्यामुळे तपासून पाहावी लागली.

२०२१ मध्ये पारिसींना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीचे अमेरिकन फिजिकल सोसायटीचे जीवभौतिकीसाठीचे मॅक्स डेलब्रुक पारितोषिक काव्हान्या आणि जार्दिना यांना देण्यात आले.