इंग्रजीचा तास कशासाठी?

निजामी राजवटीत आमच्या लातूरकडचे मूल सरकारी शाळेच्या वरच्या वर्गात गेले, की मराठी बहुधा घरीच राही. शिकणे उर्दूतून आणि विषय म्हणून इंग्रजी. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाने माध्यम उर्दू केले, तरी इंग्रजी सक्तीचीच ठेवली. मला ही मांडणी मोलाची वाटते: इंग्रजी ही जगाकडची खिडकी होती, शिकण्याची अट नव्हती. (मराठी मुलाला मात्र उर्दू हीच अट!) १९४८ नंतर मराठी वर्गात आली. आज ‘लातूर पॅटर्न’मध्ये सारे उलटे आहे. अकरावीपासून भौतिकशास्त्र इंग्रजीतून. बारावीला इंग्रजी विषयही घ्यायचा, पण ‘नीट’च्या ७२० गुणांत त्याचा एकही नाही. मग पाठ्यपुस्तकातली कविता आमची मुले बोर्डाच्या आदल्या आठवड्यात गाईडमधून उरकतात.