युरोप दौऱ्यासाठी ई-सिम : यादीत स्वित्झर्लंड आहे का?

पॅरिस, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली अशा दौऱ्यास शेंगेन व्हिसा एकच लागतो. त्यामुळे मोबाइलच्या डेटालाही सीमा आडवी येणार नाही, असा समज सहज होतो. पण तो चुकीचा आहे. युरोपीय महासंघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांतील रोमिंगचे जादा शुल्क रद्द केले आणि २०२२ मध्ये या तरतुदीची मुदत २०३२ पर्यंत वाढवली. नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनस्टाइनही तिच्या कक्षेत आहेत. स्वित्झर्लंड मात्र शेंगेनमध्ये असूनही महासंघाचा सदस्य नाही. तेथे ही सवलत लागू नाही. ब्रिटनमध्ये ती २०२० अखेर संपली.

म्हणूनच ‘युरोप’ या नावाने विकल्या जाणाऱ्या ई-सिम योजनांत देशांची यादी सारखी नसते. महाराष्ट्रातील पर्यटकांचे मोठे आकर्षण असलेल्या युंगफ्राउ वा तितलिसच्या बर्फात पोहोचल्यावर डेटा बंद पडावा, यासारखी निराशा नाही! दर पाहण्याआधी यादी वाचावी. प्रत्येक देशाचे स्वतंत्र ई-सिम कागदावर स्वस्त दिसते. परंतु दोन-तीन दिवसांनी देश बदलणाऱ्यास ती कटकटच ठरते. एकाच देशात मुक्काम मोठा असेल, तर गोष्ट वेगळी.

‘अमर्यादित’ योजनांत बहुधा दैनंदिन मर्यादा दडलेली असते; ती ओलांडताच वेग घसरतो. नकाशे व संदेशांना थोडा डेटा पुरतो, व्हिडिओ कॉलला मात्र बराच लागतो.

प्रवासी ई-सिमवर बहुतेक वेळा दूरध्वनी क्रमांक नसतो. बँकेचा ओटीपी मूळ क्रमांकावरच येणार असल्याने भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे. फोनमध्ये मात्र त्या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच क्रमांकावर चालू राहते.

ई-सिम फोनमध्ये बसवण्यास इंटरनेट लागते, तेव्हा हे काम घरीच उरकलेले बरे. तत्पूर्वी योजनेची मुदत बसवल्यापासून मोजली जाते की परदेशी नेटवर्कशी जोडणी झाल्यापासून, हे तपासावे. क्यूआर कोड फोनच्याच पडद्यावर असेल, तर त्याच फोनचा कॅमेरा तो टिपू शकत नाही; त्यामुळे त्याची छापील प्रत काढून ठेवावी.