पिल्लाची शिदोरी: उबवणी यंत्राचा इतिहास आणि मदतीची योग्य वेळ

१/ छत्रपती संभाजीनगर येथे राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पुणे, नागपूर आणि कोल्हापूर येथेही अशी केंद्रे आहेत. तेथून पशुपालकांकडे जाणाऱ्या पिल्लाला ‘एकदिवसीय पिल्लू’ म्हणतात. खोक्यात बसून ते गावाकडे निघते तेव्हा त्याने दाण्याचा कण वा पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. तरीही ते तगते. कसे? त्याचे उत्तर समजले की उबवणीतील सर्वांत अवघड प्रश्नाचेही उत्तर मिळते: अडकलेल्या पिल्लाला मदत केव्हा करावी? (थ्रेड)

२/ यंत्राच्या आधी होती ती खुडूक कोंबडी. टोपलीत भुसा वा गवत, त्यावर दहा-बारा अंडी आणि वर कोंबडी. यालाच रवणीला बसवणे म्हणतात. २१ दिवस ती ऊब देते, चोचीने अंडी फिरवते, दाणापाण्यापुरतीच उठते. शेवटी अंड्यातून चिवचिव येऊ लागते. कोंबडी हलक्या स्वरात साद देते. कवच फोडायला मात्र सहसा जात नाही.

३/ कोंबडीचे हे काम माणसाने फार पूर्वीच आपल्या हाती घेतले. इजिप्तमध्ये अंडी खताच्या उबेत उबवली जातात, अशी नोंद इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे तेथे मातीच्या विटांच्या भट्ट्या प्रसिद्ध झाल्या: मधोमध बोळ, दोन्ही बाजूंस दुमजली कोठड्या आणि शेण व काडाचा मंद विस्तव. तापमापक नव्हता. कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून उष्णता ओळखत.

४/ युरोपला या विद्येचे मोठे कुतूहल होते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. खताच्या उबेवर तापवलेली पिंपे आणि तापमापक हे त्याचे साहित्य. १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये हियर्सन यांचे यंत्र आले. त्यातील द्रवाने भरलेली धातूची डबी उष्णतेने फुगे आणि दिव्याची जादा ऊब आपोआप बाहेर सोडली जाई. पापणीचे काम आता डबी करू लागली.

५/ विसाव्या शतकात यंत्रात पंखा आला, पेटीची खोली झाली आणि अंड्यांची संख्या हजारांवर गेली. १९१८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने एकदिवसीय पिल्ले पार्सलने स्वीकारण्यास आरंभ केला. भारतात १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. पुढे पुणे हे तिचे मुख्य केंद्र बनले. अंडी उबवणे एकीकडे आणि पिल्ले वाढवणे दुसरीकडे, ही विभागणी रूढ झाली.

६/ या साऱ्या व्यवस्थेचा आधार म्हणजे अंड्यातील पिवळा बलक. साधारण १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू आतील हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते. मग चोचीवरील टणक टोकाने कवचाला बारीक तडा पाडते आणि थांबते. कित्येक तास थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला ते थकले, अडकले असे वाटते.

७/ वस्तुतः याच काळात सर्वांत मोठे काम चालू असते. कवचाच्या आतील पापुद्र्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्यांतील रक्त पिल्लाच्या देहात परतते. उरलेला बलक नाभीवाटे पोटात ओढला जातो. ही त्याची शिदोरी. तिच्यावर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना काढू शकते. टपालाची पार्सले आणि गावाकडे निघालेली खोकी याच शिदोरीवर चालली.

८/ म्हणूनच घाईची मदत घातक ठरते. तडा दिसताच कवच सोलले तर भरलेल्या वाहिन्या फुटतात, बलक बाहेरच राहतो, नाभी उघडी पडते. पिल्लू त्या क्षणी जिवंत दिसते. पुढील काही दिवसांत दगावते. शिवाय झाकण उघडताच ओलावा निसटतो आणि शेजारच्या अंड्यांतील पापुद्रे सुकून पिल्लांना चिकटतात. एकाला वाचवताना चौघे अडकतात. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा धोका अधिकच.

९/ मग मदत कधीच करू नये का? तसेही नाही. तडा जाऊन २४ तास उलटले आणि काहीच प्रगती नाही, किंवा गोलाकार कापायला आरंभ करून पिल्लू मध्येच थांबले आणि पापुद्रा कागदासारखा सुकला, तर हस्तक्षेपाचा विचार करावा. पापुद्रा कोमट पाण्याने ओलावावा, तड्याजवळचा लहानसा तुकडा काढावा. रक्ताचा ठिपका दिसला तर तत्क्षणी थांबून अंडे परत उबेत ठेवावे. शेवटची धडपड शक्यतो पिल्लालाच करू द्यावी.

१०/ मोठ्या उबवणी केंद्रात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तेथे ठरल्या वेळी ट्रे काढतात. न फुटलेली अंडी बाद होतात. हिशेब शेकड्याचा असतो. तीस-चाळीस अंड्यांचे छोटे यंत्र घरात आले आणि पाहणाऱ्यासमोर पुन्हा एकेक पिल्लू उभे राहिले. ज्या घराला त्याच पिल्लांतून पुढे तलंगा हव्या असतात, त्याला प्रत्येक जीव मोलाचा असतो. म्हणूनच तेथे हात लवकर पुढे होतो.

११/ ऊब, ओलावा, अंडी फिरवणे, हवा: कोंबडीची ही चारही कामे यंत्राने उचलली. पाचवे काम होते कवचाजवळ बसून राहण्याचे आणि मध्ये न पडण्याचे. ते मात्र आजही यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते. (समाप्त)