पाळणाघरांना सरकारी टेकू : ऑस्ट्रेलियाची २०२० मधील योजना

पाळणाघर बंद पडले, तर रुग्णालयातील परिचारिकेलाही घरी थांबावे लागते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने ऑस्ट्रेलियातील पालक मुलांना घरी ठेवू लागले, तेव्हा तेथील सरकारपुढे हाच पेच उभा राहिला. या देशात सरकारी अनुदान थेट पाळणाघराला मिळते आणि शुल्काची उर्वरित रक्कम पालक भरतात. त्यामुळे मुलाचे नाव काढले गेले, की दोन्ही उत्पन्ने एकदम आटतात.

पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी २ एप्रिल रोजी जाहीर केलेली मदत योजना ६ एप्रिलपासून अमलात आली. नेहमीचे अनुदान स्थगित करून सरकारने पाळणाघरांना साथीपूर्वीच्या शुल्क-उत्पन्नाच्या निम्मी रक्कम दर आठवड्याला देण्यास सुरुवात केली. त्यासाठी १७ फेब्रुवारी ते १ मार्च हा पंधरवडा आधारभूत मानण्यात आला. मात्र ताशी दराची सरकारी कमाल मर्यादा कायम राहिली. पालकांकडून शुल्क घ्यायचे नाही, केंद्र चालू ठेवायचे आणि अत्यावश्यक सेवेतील पालकांच्या मुलांना प्राधान्य द्यायचे, अशा अटी होत्या. तीन महिन्यांसाठी १ अब्ज ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च अपेक्षित होता.

उरलेली तूट ‘जॉबकीपर’ या वेतन-साह्यातून, म्हणजे प्रत्येक पात्र कर्मचाऱ्यामागे पंधरवड्याला दीड हजार डॉलरमधून, भरून निघेल असा हिशेब होता. तो सर्वत्र जुळला नाही. वर्षभराहून कमी काळ हंगामी काम करणारे, तात्पुरत्या व्हिसावरील बहुतेक कर्मचारी आणि स्थानिक नगरपालिकांची केंद्रे या साह्याबाहेर राहिली. मोफत झाल्यामुळे मुले परतू लागली, तरी सरकारी रक्कम जुन्या उत्पन्नावरच बांधलेली होती. म्हणजे काम वाढले, पैसा मात्र तेवढाच. मूल घेण्यापेक्षा न घेणे परवडावे, ही या रचनेतील खरी गोम होती.

१२ जुलै रोजी योजना संपली आणि दुसऱ्याच दिवसापासून शुल्क पुन्हा सुरू झाले. २० जुलैपासून या क्षेत्राचे ‘जॉबकीपर’ही थांबविण्यात आले, इतर उद्योगांना ते मार्च २०२१ पर्यंत मिळत राहिले. त्याऐवजी पाळणाघरांना उत्पन्नाच्या २५ टक्के इतके संक्रमण-साह्य २७ सप्टेंबरपर्यंत देण्यात आले.