सेल्फीत नाकाचा शेंडा मोठा दिसतोय? सर्जरीचा विचार करण्याआधी हे समजून घ्या

बीबी का मकबऱ्यासमोर हात लांब करून सेल्फी काढला. मागचे मिनार मस्त आलेत, पण आपली नजर मात्र नाकाच्या शेंड्यावरच अडकते. 'माझं नाक खरंच एवढं पुढे आलंय?' मग रात्री अंथरुणात पडून सर्च सुरू होतो: नाकाचा शेंडा कमी करण्याची सर्जरी.

अशी सर्जरी खरोखर असते आणि काहींना तिचा चांगला उपयोगही होतो. पण एकदा कापलेला भाग 'अनडू' करता येत नाही. म्हणून आधी कॅमेरा काय करतो ते बघू, मग डॉक्टर काय करतात ते.

सेल्फीत नाक मोठं का दिसतं?

जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, एवढंच यामागचं कारण. समजा, फोन तुमच्या गालांपासून ३० सेंटीमीटरवर आहे. नाकाचा शेंडा गालांच्या साधारण ३ सेंटीमीटर पुढे असेल, तर तो कॅमेऱ्यापासून २७ सेंटीमीटरवर येतो. म्हणजे गालांच्या तुलनेत शेंडा सुमारे ११% मोठा उमटणार. कान मागे असल्याने ते आणखी लहान दिसतात. हाच फोन १५० सेंटीमीटरवर ठेवला, तर शेंड्याचा फरक फक्त २% उरतो.

अमेरिकेतले सर्जन बोरिस पास्खोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याचं गणिती मॉडेल मांडलं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याच्या रुंदीच्या मानाने नाक जवळपास ३०% जास्त रुंद दिसतं, असं त्यात आढळलं. ५ फुटांवर हा फरक जवळजवळ संपतो.

यात दोष लेन्सपेक्षा अंतराचा आहे. महागडा फोन घेतला तरी हात तेवढाच लांब राहणार!

घरच्या घरी टेस्ट करा

१. फोन नाकाच्या उंचीवर, तुमच्यापासून ५ ते ६ फुटांवर ठेवा.
२. मागचा कॅमेरा वापरा, झूम २एक्स करा आणि टायमर लावा.
३. ब्युटी मोड आणि फिल्टर बंद करा.
४. एक फोटो समोरून, एक अगदी बाजूने काढा.
५. आता हे फोटो सेल्फीशेजारी ठेवून बघा.

बऱ्याच जणांची शंका इथेच फिटते. तरीही शेंडा खटकत असेल, तर पुढे वाचा. डॉक्टरांकडे जाताना हेच फोटो न्या, सेल्फी नको.

शेंडा 'जास्त पुढे' आहे हे कसं ठरतं?

नाकाचा वरचा भाग हाडाचा, तर खालचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर लागतं तशा लवचिक पदार्थाचा असतो. शेंड्याचा आकार घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या दोन कूर्चांवर अवलंबून असतो.

डॉक्टर बाजूच्या फोटोवर दोन मापं घेतात: भुवयांमधल्या खोलगट जागेपासून शेंड्यापर्यंतची लांबी आणि नाकपुडीच्या मागच्या खाचेपासून शेंड्यापर्यंतचं अंतर. दुसऱ्या मापाला पहिल्याने भागलं की उत्तर साधारण ०.५५ ते ०.६० यावं, असं मानतात. लांबी ५० मिलिमीटर आणि अंतर २८ असेल तर ०.५६, म्हणजे ठीक. अंतर ३३ असेल तर ०.६६, म्हणजे शेंडा पुढे आहे. पण हे फक्त मार्गदर्शक माप आहे, सौंदर्याची परीक्षा नाही.

दोन गोष्टींमुळे इथेही फसगत होते. हनुवटी मागे असेल तर नॉर्मल नाकही मोठं वाटतं. शिवाय 'पुढे आलेला' शेंडा आणि 'गोल, जाड' शेंडा या वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांचे उपायही वेगळे.

सर्जरीत नेमकं काय करतात?

चीर नाकपुडीच्या आतून देतात किंवा दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर छोटी चीर देऊन त्वचा वर उचलतात. मग शेंड्याला आधार देणारे धागे सैल करतात, लांब कूर्चा कापून तिची टोकं एकमेकांवर चढवतात आणि टाक्यांनी नवा आकार पक्का करतात. नाकाचा मधला पडदा शेंड्याला पुढे ढकलत असेल, तर त्याचाही थोडा भाग काढावा लागतो. शेंडा मागे आला की नाकपुड्या पसरू शकतात. तेव्हा त्यांचा तळही किंचित कमी करतात.

जाड त्वचा नव्या सांगाड्यावर सहज घट्ट बसत नाही. म्हणून एकाच सर्जरीचा परिणाम दोघांमध्ये सारखा दिसत नाही.

नाकावरची पट्टी साधारण आठवड्याने निघते. डोळ्यांभोवतीचा काळे-निळेपणा दोनेक आठवड्यांत ओसरतो. शेंड्याची सूज मात्र सगळ्यात शेवटी उतरते. खरा आकार दिसायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. रक्तस्राव, संसर्ग, श्वास घेताना अडथळा, दोन्ही बाजूंत फरक आणि पुन्हा सर्जरी करावी लागणं, हे धोके आधीच विचारून घ्या. वाढीच्या वयात, म्हणजे शाळकरी मुलामुलींमध्ये, डॉक्टर सहसा थांबायला सांगतात.

'ऑपरेशनशिवाय नाक लहान' अशा रील्सही दिसतात. फिलर भर घालतो, काही कमी करत नाही. आणि तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते.

पुण्यातून लंडनपर्यंत गेलेलं नाक

नाकाच्या सर्जरीचा जगातला एक गाजलेला किस्सा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुण्याजवळ एका स्थानिक माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा वापरून नवं नाक घडवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

कावसजीला नाकच उरलं नव्हतं. हा फरक आजही पैशांच्या हिशेबात दिसतो: अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती आरोग्य विम्यात बसू शकते, पण फक्त दिसण्यासाठी केलेली सर्जरी सहसा बसत नाही.

निर्णय घेण्याआधी

- डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी, नाहीतर कान-नाक-घशाची एमएस किंवा डीएनबी पदवी आहे का ते बघा. नोंदणी क्रमांक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर फोनवरूनच तपासता येतो.
- श्वासाचा त्रासही असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. संभाजीनगरात घाटीमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, हा विभाग आहे.
- अशा किती सर्जरी केल्या आणि मनासारखं झालं नाही तर पुढे काय, हे स्पष्ट विचारा.
- दिवसातला तास-तास नाकाच्या विचारात जात असेल, लोकांत जाणं टाळत असाल, तर आधी मानसोपचार तज्ज्ञांशी बोला. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. या अवस्थेत सर्जरी होऊनही समाधान मिळत नाही, असं अनेकदा घडतं.

समोर बसून गप्पा मारणारी माणसं तुम्हाला १२ इंचांवरून बघत नाहीत. त्यांना दिसणारं नाक ५ फुटांवरच्या फोटोतलं आहे. निर्णय काहीही घ्या, पण तो त्या फोटोवर घ्या.